ग्रॅफाइट इलेक्ट्रोड किती टिकतो? भट्टीवरच्या एका जुन्या प्रश्नाचा आढावा

नागपूरच्या धरमपेठेत बसून ग्रॅफाइटवर लिहिण्याला एक भौगोलिक कारण आहे. लॉ कॉलेज चौकातून अमरावती मार्गाला लागले की वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र लागते. दक्षिण अंबाझरी मार्गावर व्हीएनआयटीचा धातुशास्त्र विभाग आहे. काटोल रोडवर मॉइलचे मुख्यालय आहे, ज्याच्या खाणींतले मँगनीज फेरोअलॉय भट्ट्यांत जाते. पूर्वेला भंडाऱ्याजवळ वरठीला सनफ्लॅगची आर्क भट्टी आहे, दक्षिणेला चंद्रपूरला सेलचा फेरोअलॉय कारखाना. भोपाळच्या रस्त्याने गेले तर शहर यायच्या आधी मंडीदीप लागते. तिथला एचईजीचा कारखाना एकाच ठिकाणी ग्रॅफाइट इलेक्ट्रोड बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणला जातो. या परिसरातल्या भट्ट्यांत कार्बनच्या दांड्यांतून वीज जाते आणि त्या दांड्या झिजतात. त्या किती दिवस टिकाव्यात, आणि लवकर झिजल्या तर दोष कोणाचा, हा वाद भट्टीइतकाच जुना आहे. आज तो कुठवर आला आहे, ते या लेखात पाहायचे आहे.

पार्श्वभूमी

कार्बनच्या दोन टोकांमध्ये विजेची ज्योत पेटते, हे हम्फ्री डेव्हीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवले होते. तिचा उपयोग पोलादासाठी करायला मात्र १९०० साल उजाडावे लागले. फ्रान्समध्ये ला प्राझला पॉल एरू यांनी आर्क भट्टी चालवली. सुरुवातीचे इलेक्ट्रोड साध्या कार्बनचे होते: जाड, ठिसूळ आणि विजेला बराच विरोध करणारे. त्याच काळात अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन कार्बोरंडमच्या भट्टीत काम करत होते. भट्टी जास्त तापली की सिलिकॉन उडून जाते आणि मागे शुद्ध ग्रॅफाइट उरते, हे त्यांच्या लक्षात आले. १८९६ साली त्यांना ग्रॅफाइट बनवण्याचे पेटंट मिळाले आणि नायगाराच्या स्वस्त विजेवर हा उद्योग उभा राहिला.

पद्धत तत्त्वतः आजही तीच आहे. नीडल कोक आणि कोलटार पिच यांचे गरम मिश्रण दाबाखाली साच्यातून दांडीच्या आकारात काढतात. ती दांडी ८०० ते १,००० अंशांवर भाजतात, तिच्या छिद्रांत पुन्हा पिच भरतात, पुन्हा भाजतात. शेवटी तिच्यातून वीज सोडून ती २,८०० ते ३,००० अंशांपर्यंत नेतात. तेव्हा कार्बनचे अणू थरांत रचले जातात आणि दांडी काळ्या कोळशाची ग्रॅफाइट होते. मग टोकांना आटे पाडून जोडणीचे निपल बसवतात. कच्च्या मालापासून तयार दांडीपर्यंत तीन ते सहा महिने जातात. एवढ्या मेहनतीचे कारण एकच. साध्या दाबाखाली ग्रॅफाइट वितळत नाही, तापमान वाढेल तसे काही मर्यादेपर्यंत ते अधिक बळकट होते आणि वीज सहज वाहून नेते. हे तिन्ही गुण एकत्र असलेला, परवडणारा दुसरा पदार्थ अजून सापडलेला नाही.

महाराष्ट्रात मिश्रधातू पोलादासाठी आर्क भट्टी रुजली ती प्रामुख्याने साठच्या दशकात. खोपोलीचा महिंद्रा युजीन हा फ्रेंच सहकार्यातला कारखाना १९६२ साली स्थापन झाला. इलेक्ट्रोड बनवणारा ग्रॅफाइट इंडियाचा कारखाना नाशिकच्या सातपूरला आहे. म्हणजे या राज्यात बनवणारे आणि वापरणारे दोघेही आहेत, आणि वादाच्या दोन्ही बाजू मराठीतून ऐकायला मिळतात.

उपयोग

ग्रॅफाइट इलेक्ट्रोडचा सर्वांत मोठा ग्राहक पोलाद उद्योग आहे. भंगार, स्पंज आयर्न किंवा द्रव लोखंड वितळवणारी आर्क भट्टी आणि नंतर पोलादाची रचना पक्की करणारी लॅडल फर्नेस, दोन्हींना तो लागतो. आर्क भट्टीत अल्ट्रा हाय पॉवर जातीचे ६०० ते ८०० मिलिमीटर व्यासाचे दांडे वापरतात, लॅडलला लहान व्यास चालतो. ६०० मिलिमीटर व्यासाचा, २.४ मीटर लांबीचा दांडा साधारण ११५० किलो वजनाचा असतो आणि त्यातून ५० हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो.

बाकीचे उपयोग आकाराने लहान आहेत, पण आयुष्याच्या प्रश्नाला ते वेगळाच प्रकाश देतात. साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये, म्हणजे भोसरी-चिंचवडला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी, ठिणगीने धातू कोरणाऱ्या ईडीएम यंत्रांत बारीक कणांचे ग्रॅफाइट वापरतात. तिथे आयुष्य किलोत मोजत नाहीत. कोपरा किती झिजला आणि धातू किती निघाला, याच्या गुणोत्तरात मोजतात. योग्य ध्रुवता आणि लांब ठिणगी ठेवली तर ढोबळ कामात ग्रॅफाइट जवळजवळ झिजतच नाही. बारीक कामात मात्र तांब्याशी त्याची तुलना अजून चालू आहे.

क्लोर-अल्कली उद्योगात ग्रॅफाइटची गोष्ट संपली आहे. मिठाच्या पाण्याचे विघटन करताना ग्रॅफाइटचा ॲनोड हळूहळू खाल्ला जाई, दोन टोकांतले अंतर वाढे आणि वीज जास्त लागे. साठच्या दशकात हेन्री बीर यांनी टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा थर दिलेला ॲनोड आणला. तो वर्षानुवर्षे आकार न बदलता टिकतो. त्यानंतर ग्रॅफाइट त्या उद्योगातून हद्दपार झाले. ‘इलेक्ट्रोड किती टिकतो’ हा प्रश्न एखादा उद्योग पूर्णपणे सोडवू शकतो, याचे हे ठळक उदाहरण.

ॲल्युमिनियममध्ये ते अजून साधलेले नाही. तिथला भाजलेला कार्बन ॲनोड तिथल्या अभिक्रियेतच खर्च होतो. टनामागे चारशे किलोच्या आसपास कार्बन जातो आणि एक ॲनोड साधारण चार आठवडे चालतो. न झिजणाऱ्या ॲनोडसाठी अल्कोआ आणि रिओ टिंटो यांनी २०१८ साली एलिसिस ही संयुक्त कंपनी काढली. तो ॲनोड सर्वत्र पोहोचायला अजून वेळ आहे. त्या दिशेचे संशोधन आपल्या वाडीच्या केंद्रासारख्या संस्थांना जवळचे आहे, पण पोलादाच्या आर्क भट्टीत हा मार्ग चालत नाही. तिथे ज्योतीच्या टोकाशी ३,००० अंशांच्या वरचे तापमान असते आणि ते सोसणारा धातू नाही.

झीज होते कशी

वादाच्या मुळाशी झिजेचे प्रकार आहेत. टोकाशी ग्रॅफाइटची थेट वाफ होते, तापमानाच्या धक्क्याने कपचे पडतात, काही भाग स्लॅग आणि पोलादात विरघळतो. ही टोकाची झीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि वीज चालू असण्याच्या वेळेच्या प्रमाणात वाढते, हे सूत्र आता सर्वमान्य आहे. प्रवाह १० टक्क्यांनी वाढला तर टोकाची झीज सुमारे २१ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच तीच शक्ती जास्त विद्युतदाब आणि कमी प्रवाहावर देणे भट्टीवाल्यांना फायद्याचे ठरते.

दुसरी झीज बाजूंची. ५०० अंशांच्या वर ग्रॅफाइट हवेतल्या ऑक्सिजनशी जळू लागते, आणि भट्टीत लाल झालेला दांडा दर तासाला दर चौरस मीटरमागे काही किलो गमावतो. ही झीज प्रवाहाकडे पाहत नाही. ती वेळेकडे आणि तापलेल्या पृष्ठभागाकडे पाहते. दार उघडे राहिले, धूर ओढणारा पंखा हवा आत खेचत राहिला, हीट, म्हणजे वितळवण्याची एक फेरी, लांबली, की बाजू पातळ होत जातात आणि दांडा खाली निमुळता होतो.

तिसरा प्रकार तुटण्याचा. भंगारात काँक्रीटचा तुकडा किंवा वीज न वाहणारा कचरा दांड्याखाली आला की प्रवाह सुरू होत नाही. नियंत्रक दांडा आणखी खाली दाबतो आणि दांडा मोडतो. निपलची जोडणी सैल असली, आट्यांत धूळ राहिली किंवा फेजचा क्रम आटे सैल करणाऱ्या दिशेने लावला, तर सांध्याशी मोड होतो. मोडलेला तुकडा द्रव पोलादात पडला की कार्बन वाढतो आणि ती हीट सुधारण्यात आणखी वेळ जातो. सर्वसाधारण भट्टीत टोक आणि बाजू मिळून खपाचा मोठा भाग व्यापतात, तुटण्याचा वाटा लहान असतो. पण त्या लहान वाट्यावरूनच भट्टीवर सर्वाधिक भांडणे होतात, कारण तुटलेला दांडा सगळ्यांना दिसतो.

मोजायचे कसे

पोलाद उद्योगात इलेक्ट्रोडचे आयुष्य तासांत सांगणे फसवे ठरते. एक उदाहरण घेऊ. १०० टनांची हीट, टनामागे दीड किलो खप, तासाला एक हीट. म्हणजे दर हीटला तीन खांबांतून (एकावर एक जोडलेल्या दांड्यांतून) मिळून १५० किलो ग्रॅफाइट जाते. ११५० किलोच्या एका दांड्याइतका माल सात-आठ तासांत संपतो. प्रत्येक खांबावर मात्र नवा दांडा दिवसातून साधारण एकदाच चढवावा लागतो. एकाच भट्टीविषयी ‘आठ तास’ आणि ‘एक दिवस’ ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. म्हणून उद्योगाने टन पोलादामागे किती किलो हे माप स्वीकारले.

या मापाची वाटचाल थक्क करणारी आहे. साठच्या दशकात चांगल्या भट्टीत टनामागे सहा-साडेसहा किलो जात. तेव्हा एका हीटला तीन तास लागत. आज अत्याधुनिक भट्टीत हा आकडा एक-सव्वा किलोपर्यंत आला आहे आणि हीट पाऊण तासात होते. ऑक्सिजनचा झोत, फेसाळ स्लॅग, पाण्याने थंड होणाऱ्या भिंती, मोठे ट्रान्सफॉर्मर या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. लॅडल फर्नेसचा खप वेगळा धरतात. तो त्याहून बराच कमी असतो.

पण किलो प्रति टन हे मापही भारतात सरळ वापरता येत नाही. सनफ्लॅगसारख्या कारखान्यात छोट्या झोतभट्टीतले द्रव लोखंड आर्क भट्टीत ओततात. त्यामुळे वितळवायला वीज कमी लागते आणि इलेक्ट्रोडही कमी जातो. याउलट स्पंज आयर्न जास्त असलेल्या भट्टीत स्लॅग वाढतो, वीज वाढते आणि खप वाढतो. शंभर टक्के भंगारावर चालणाऱ्या परदेशी भट्टीचा आकडा घेऊन विदर्भातल्या भट्टीला नापास करणे अन्यायाचे आहे. वीज-एककामागे किती ग्रॅम, म्हणजे ग्रॅम प्रति किलोवॅट-तास, हे माप तुलनेला जास्त न्याय देते असे माझे मत आहे. बरेच जाणकार तेच सुचवतात, पण खरेदीच्या करारांत अजून किलो प्रति टनच लिहिले जाते.

दोन बाजू

इलेक्ट्रोड बनवणाऱ्यांची भूमिका अशी: आयुष्य ठरते कच्च्या मालावर. नीडल कोकचे कण सुईसारखे एका दिशेने रचलेले असतात. त्यामुळे तापल्यावर दांडा लांबीच्या दिशेने फारच थोडा फुगतो आणि तापमानाचा धक्का सोसतो. कोक हलका वापरला, निपल आणि दांड्याचे प्रसरण जुळले नाही, तर सांधा फुटतो. म्हणून स्वस्त माल घेणाऱ्याने आयुष्याची तक्रार करू नये. त्यांचे दुसरे म्हणणे असे की कारखान्यातून गेलेल्या दांड्याचे पुढे काय होते, यावर त्यांचा ताबा नसतो. जोडताना आटे हवेने साफ केले का, ठरलेल्या बळानेच घट्ट केले का, हे भट्टीच्या माथ्यावर काम करणारे ठरवतात. म्हणूनच मोठे उत्पादक आपले अभियंते ग्राहकाच्या भट्टीवर पाठवतात.

भट्टीवाल्यांची बाजूही तितकीच भक्कम आहे. एकाच भट्टीत, एकाच पाळीत, दोन पुरवठादारांचे दांडे वेगळे वागतात. मग सगळा दोष आमच्या कामाला कसा द्यायचा, असे ते विचारतात. खरेदी वर्षाच्या कराराने होते आणि भंगाराची प्रत दर गाडीला बदलते. अशा वेळी दांडा थोडी हयगय सोसणारा असावा, ही अपेक्षा गैर नाही. भट्टीचा वेळ हा सर्वांत महाग माल आहे. एक मोड झाला की दुरुस्तीत जाणारी मिनिटे ग्रॅफाइटच्या किमतीपेक्षा जड पडतात.

दोन्ही बाजूंचे ऐकल्यावर मला वाटते की टोकाच्या झिजेवर बनवणाऱ्याचा प्रभाव कमी आहे. तिथे प्रवाहाचा वर्गच राज्य करतो. तुटण्याच्या बाबतीत मात्र कोक आणि निपलचे म्हणणे खरे ठरते. बाजूंची झीज हा दोघांच्या मधला प्रांत आहे, आणि तिथेच सर्वांत कमी मोजमाप होते.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

बाजूंच्या झिजेवर पहिला मोठा उपाय लेपाचा होता. ॲल्युमिनियमवर आधारित लेप दांड्याला देऊन हवा लागू द्यायची नाही, ही पद्धत बल्गेरियात विकसित झाली आणि युरोपभर वापरली गेली. मग पाण्याचा फवारा आला. धारकाच्या खाली कड्यातून दांड्यावर पाण्याचा पातळ पडदा सोडतात, त्याची भट्टीत शिरण्यापूर्वीच वाफ होते. आज मोठ्या भट्ट्यांत हा फवारा नेहमीचा झाला आहे. त्याने बाजूंची झीज घटते, यावर मतभेद नाहीत. किती घटते, यावर आहेत. पाणी जास्त झाले तर छताच्या मधल्या विटा खराब होतात आणि भट्टीत पाणी जाण्याचा धोका राहतो, म्हणून काही मेल्टर, म्हणजे भट्टी चालवणारे, तो कमीत कमी ठेवतात. अर्धा भाग धातूचा आणि पाण्याने थंड केलेला, खाली फक्त ग्रॅफाइटचे टोक, असे संयुक्त इलेक्ट्रोडही आले. पाणी गळण्याच्या भीतीने आणि हाताळणीच्या त्रासाने ते मागे पडले.

डीसी भट्टीचा वाद जास्त रंगला. तिच्यात तीनऐवजी एकच जाड दांडा असतो आणि वीज तळातून परत जाते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिने इलेक्ट्रोडचा खप लक्षणीय घटवला आणि वीजजाळ्यातली थरथरही कमी केली. अशक्त ग्रिडच्या प्रदेशात हा दुसरा फायदा मोठा होता. पण तळातल्या ॲनोडची देखभाल आणि रेक्टिफायरचा खर्च वाढला. तोवर एसी भट्ट्यांनी लांब ज्योत आणि फेसाळ स्लॅग वापरून अंतर बरेचसे भरून काढले. आज दोन्ही पद्धती चालतात आणि निवड इलेक्ट्रोडपेक्षा ग्रिडवर अवलंबून ठरते.

इलेक्ट्रोड नको म्हणणारे

आपल्या राज्यात या चर्चेला एक वेगळेच वळण आहे. जालन्याचा सळयांचा उद्योग, तसेच बुटीबोरी-हिंगण्याच्या परिसरातले बरेच वितळकाम, इंडक्शन भट्टीवर चालते. तिथे इलेक्ट्रोड लागतच नाही. चुंबकीय क्षेत्र थेट धातूत प्रवाह निर्माण करते. भारतातले सुमारे एक तृतीयांश पोलाद याच मार्गाने बनते. ग्रॅफाइटचा खर्च आणि मोड यांतून कायमची सुटका हा तिचा उघड फायदा आहे, लहान उद्योजकाला परवडणारे भांडवल हा दुसरा. पण इंडक्शन भट्टीत ऑक्सिजन फुंकून पोलाद शुद्ध करता येत नाही आणि फॉस्फरस काढणे अवघड जाते. विशेष पोलादासाठी आर्क भट्टी आणि लॅडल फर्नेस यांची जोडी अजून मागे हटलेली नाही.

या दोन मार्गांचा संबंध किती घट्ट आहे, ते २०१७ साली चीनने दाखवले. तिथल्या सरकारने हलक्या प्रतीच्या पोलादाच्या इंडक्शन भट्ट्या जूनअखेर बंद केल्या. आर्क भट्ट्यांची मागणी वाढली, त्याच वेळी प्रदूषणामुळे ग्रॅफाइटचे कारखानेही बंद ठेवले गेले. टनाला अडीच-तीन हजार डॉलरच्या आसपास असलेला दांडा काही सौद्यांत १५ हजार डॉलरच्याही पुढे गेला. २०१८-१९ साली एचईजी आणि ग्रॅफाइट इंडिया या दोन्ही कंपन्यांचा नफा तीन हजार कोटी रुपयांच्या घरात पोहोचला. चिनी दांड्यांवर २०१५ साली लावलेले अँटी-डंपिंग शुल्क भारताने २०१८ साली काढून टाकले. मग किमती कोसळल्या. त्या काळात अर्धा किलो वाचवणारा मेल्टर कारखान्याचा ताळेबंद बदलू शकत होता. आज तीच बचत तितकी दिसत नाही. आयुष्य वाढवण्याची उमेद बाजारभावाबरोबर चढते-उतरते, ही या क्षेत्राची जुनी अडचण आहे.

चंद्रपूरची वेगळी दांडी

चंद्रपूरच्या फेरोमँगनीज भट्ट्यांत तयार ग्रॅफाइट जात नाही. त्या चालवणारी पूर्वीची महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट ही कंपनी १९८६ साली सेलची उपकंपनी झाली आणि २०११ साली सेलमध्ये विलीन झाली. तिथे सोडरबर्ग इलेक्ट्रोड वापरतात. नॉर्वेत पहिल्या महायुद्धाच्या काळात निघालेल्या या पद्धतीत पोलादी नळकांड्यात कार्बनची पेस्ट वरून भरत राहतात. खाली जाता जाता भट्टीची उष्णता आणि विजेचा प्रवाहच तिला भाजून काढतो. दांडा कधी संपत नाही, तो सतत वरून वाढत असतो. खप टनामागे जास्त असतो, पण पेस्ट ग्रॅफाइटपेक्षा खूप स्वस्त असते.

इथे ‘आयुष्य’ म्हणजे मोड न होता किती महिने भट्टी चालली. भाजण्याआधी मऊ भाग फुटला तर आत पेस्ट ओतली जाते आणि भट्टी दिवसचे दिवस बंद राहते. कडक भाग फुटला तर त्याहून थोडे सोपे जाते. दांडा खाली सरकवण्याचा वेग आणि वीज बंद पडल्यानंतर ती हळूहळू वाढवण्याची शिस्त, यांवर सगळे अवलंबून असते. नळकांड्याचे लोखंड मालात उतरते, पण फेरोमँगनीजला त्याने बिघडत नाही. सिलिकॉन धातूसारख्या शुद्ध मालाला ते चालत नाही, म्हणून तिथे ग्रॅफाइट किंवा संयुक्त इलेक्ट्रोड लागतो.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न कच्च्या मालाचा. नीडल कोक जगात मोजक्याच कंपन्या बनवतात. लिथियम-आयन बॅटरीच्या ॲनोडसाठीही तो लागतो, म्हणजे भट्टीची स्पर्धा आता मोटारगाडीशी आहे. इंडियन ऑइलने स्वतःचे तंत्र विकसित करून पारादीपला प्रकल्प हाती घेतला, तर एचईजीने टीएसीसी या उपकंपनीतून बॅटरीच्या ग्रॅफाइटकडे मोर्चा वळवला. देशी कोक आला तर दांड्याचे आयुष्य तेवढेच राहील का, याचे उत्तर प्रत्यक्ष भट्टीतच मिळेल.

दुसरा प्रश्न हवेचा. दीड किलो ग्रॅफाइट पूर्ण जळले तर साडेपाच किलो कार्बन डायऑक्साइड होतो. भारतात टन पोलादामागे दोन टनांहून अधिक उत्सर्जन होते, त्यापुढे हा आकडा नगण्य आहे. पण दांडा बनवताना टनामागे काही हजार युनिट वीज जाते आणि भाजण्यातला धूर वेगळाच. बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधला ग्रॅफाइट इंडियाचा कारखाना काळ्या धुळीच्या तक्रारींनंतर २०१९ साली बंद झाला. युरोपच्या सीमेवरील कार्बन शुल्काचा हिशेब २०२३ पासून सुरू झाला आहे. त्यात ही बनवतानाची बाजू किती धरायची, यावर निर्यातदारांमध्ये एकमत नाही.

तिसरा प्रश्न उरलेल्या तुकड्याचा. प्रत्येक खांबाचा शेवटचा तुकडा, ज्याला भट्टीवर बट म्हणतात, दांडा म्हणून परत वापरता येत नाही. तो दळून कोल्हापूरच्या किंवा हिंगण्याच्या फाउंड्रीत कार्बन वाढवायला जातो आणि त्याला चांगला भाव मिळतो. काही कारखाने बट आणि मोडलेले तुकडे खपातून वजा करून किलो प्रति टनचा आकडा काढतात, काही तसाच ठेवतात. त्यामुळे दोन शेजारच्या भट्ट्यांचे आकडेसुद्धा शेजारी ठेवून वाचता येत नाहीत, आणि पुरवठादार ज्या आयुष्याची हमी देतो त्यात बट कोणाचा, हे प्रत्येक करारात नव्याने ठरते.